वय ३५, दोन मुलं आणि मेडिकल स्कूलचा अर्ज: अभ्यासाबाहेरच्या कामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन नोकरी-संसार मार्गी लागल्यावर "मला डॉक्टर व्हायचंय" म्हणणारी मराठी माणसं वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत. मी त्यांतलीच एक. पुण्यात इंजिनिअरिंग, न्यू जर्सीत ११ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि ३६व्या वर्षी एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या पहिल्या पदवीसाठी, अर्ज. आता तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत, डोहाळजेवणात, मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकड्यावर बसून मला जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलंय. भारतात एमबीबीएस करून यूएसएमएलई ही अमेरिकेतली परवाना परीक्षा देणाऱ्यांचा रस्ता वेगळा, त्यांच्यासाठी हे नाही. कोणते विषय घ्यायचे, एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी कशी करायची, तेही इथे सापडणार नाही.

एवढा खटाटोप कशाला? गुण चांगले असले की पुरत नाही?

आपण बारावीनंतरच्या एका परीक्षेवर वाढलेली माणसं. नीटच्या ७२० पैकी जेवढे पडले त्यावर यादी लागते, तुम्ही माणूस म्हणून कसे आहात हे कोणी विचारत नाही. इथे एमडीसाठी दरवर्षी ५० हजारांहून जास्त लोक अर्ज करतात आणि जागा साधारण २३ हजार. चांगल्या गुणांचे अर्ज जागांपेक्षा जास्तच असतात, म्हणून गुणांवर दार फक्त किलकिलं होतं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, विद्यार्थ्यात काय असावं याची यादी २०२३ मध्ये नव्याने काढली. तिच्यात १७ क्षमता आहेत, आणि त्यांतल्या विज्ञानाच्या फक्त दोन. विचार करण्याच्या आणि लिहिण्याच्या चार. उरलेल्या अकरा माणसांशी कसं वागता, शब्द पाळता का, चूक झाली की सावरता का, अशा आहेत. त्या गुणपत्रिकेत दिसत नाहीत. त्या दाखवायला ही कामं.

हे अर्जात नेमकं कुठे लिहायचं असतं?

बहुतेक एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज ॲमकासवर भरतात. त्यात 'वर्क अँड ॲक्टिव्हिटीज' नावाचा भाग आहे. जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत तारखा, एकूण तास, खातरजमा करता येईल अशा माणसाचा संपर्क आणि ७०० अक्षरांत वर्णन. मोकळ्या जागाही त्या ७०० मध्येच धरतात. यांतल्या तीन नोंदींना तुम्ही 'सर्वांत अर्थपूर्ण' ठरवायचं, त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो, टीएमडीएसएएस नावाचा, आणि तो शाळा सुटल्यापासूनच्या सगळ्या काळाचा हिशोब मागतो. आपल्यासारख्यांना तिथे वीस वर्षांची जमाखर्चाची वही उघडावी लागते. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची, एमडीच्याच तोडीची डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या कॉलेजांचा अर्ज तिसरीकडे.

१५ च्या १५ रकाने भरायलाच हवेत का?

नाही. मी ११ भरले होते. त्यातलेही दोन काढले असते तर चाललं असतं.

माझी १२ वर्षांची आयटीतली नोकरी यात धरतात? की ती "वेगळ्या क्षेत्रातली" म्हणून वाया?

धरतात, आणि तीच तुमची सर्वांत जड बाजू आहे. इथे प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय साधारण २४. त्या मुलांकडे उन्हाळ्यातल्या दहा आठवड्यांच्या इंटर्नशिप असतात. तुमच्याकडे वीस हजार तास आहेत. त्यात माणसं सांभाळणं आहे, रात्री दोनला वाजलेला फोन आहे, आपल्या चुकीने बंद पडलेली सिस्टिम आणि सकाळी तिची कबुली देणं आहे.

घोटाळा होतो तो लिहिण्यात. आपण नोकरीच्या बायोडाटाची भाषा जशीच्या तशी चिकटवतो. अमुक टूल, तमुक फ्रेमवर्क, सात जणांची टीम, कामाचा वेग ४० टक्क्यांनी वाढवला. अर्ज वाचणारा एखादा बालरोगतज्ज्ञ असतो. त्याला त्यातलं अक्षर कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नसते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'रिग्रेशन' हा शब्द चार वेळा होता. नंतर मी एकच गोष्ट लिहिली. औषधांच्या दुकानांना पुरवलेल्या एका प्रोग्रॅममध्ये आकडा दशांश चिन्हाच्या एका घराने सरकत होता. तो माझ्या हाताखालच्या नव्या मुलीने पकडला, पण मॅनेजरसमोर बोलायचं तिला धैर्य होईना. तिला बैठकीत माझ्या शेजारी बसवून तिच्याच तोंडून ते सांगवलं. मुलाखतीत दोघांनी त्याबद्दल विचारलं. बाकी अकरा वर्षांबद्दल कोणीच नाही.

पदं बदलली असतील तरी नोकरीच्या दोन नोंदी पुरेत. पाच कंपन्यांच्या पाच केल्यात तर वाचणाऱ्याला तुमचा लिंक्डइन वाचल्यासारखं होतं.

कॉलेजातली नाटकं, एनएसएसची शिबिरं, राज्यस्तरीय कबड्डी? प्रमाणपत्रं पुण्याहून मागवू का?

आईला माळ्यावर चढवू नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आणि तेव्हाच थांबलेलं काम सहसा लिहू नये. वाचणाऱ्याला वाटतं, यानंतर या माणसाने काहीच केलं नाही की काय. अपवाद एकच, तो धागा अजून चालू असेल तर. पुरुषोत्तम करंडकात काम केलं होतं आणि आजही तुम्ही दर वर्षी मंडळाची एकांकिका बसवता, तर ती सलग वीस वर्षांची नोंद झाली. कलेच्या रकान्यात ती झकास शोभते.

मग आमच्यासारख्यांत कमी काय पडतं?

रुग्ण. म्हणजे अलीकडच्या काळात, इथल्या दवाखान्यात, आजारी माणसाच्या जवळ घालवलेला वेळ. नेतृत्व, जबाबदारी, चिकाटी हे सगळं नोकरीने आणि संसाराने दिलेलं असतं. पण "तुम्हाला डॉक्टरचं रोजचं काम खरंच माहीत आहे का?" या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा उत्तर नसतं, आणि मोठ्या वयाच्या माणसाला तो जास्त खोचकपणे विचारतात. चांगली नोकरी सोडून येतोय म्हणजे कंटाळा आला असेल, तिशी उलटल्यावरची लहर असेल, हा संशय असतो. तो गैर नाही. माझ्या नवऱ्यालाही होता.

तीन गोष्टी वेगवेगळ्या धरा. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं. क्लिनिकल काम म्हणजे तुम्ही स्वतः रुग्णासाठी काहीतरी करणं, मग ते पाणी देणं असो, खाट ढकलणं असो, बोलत बसणं असो. आणि बिगर-क्लिनिकल सेवा, जिचा दवाखान्याशी संबंध नाही. तिन्ही थोडं थोडं हवं, पण वजन मधल्याला. हॉस्पिटलच्या भेटवस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर बसलात तर ते इमारतीमुळे क्लिनिकल होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या एकाने तिथे १४० तास काढले.

शॅडोइंग किती तास हवं?

सगळ्यांना लागू असा अधिकृत आकडा नाही. सल्लागार बहुधा ४०-५० तास सांगतात, तो आकडा धरून चाला. काही कॉलेजं आपापली किमान अट घालतात, ती त्यांच्या पानावर बघायची. त्यात एक तरी फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर असू द्या. आपल्या ओळखीचे सगळे हृदयाचे नाहीतर पोटाचे तज्ज्ञ असतात, त्यामुळे मराठी अर्जदाराच्या यादीत कार्डिऑलॉजीशिवाय काही दिसतच नाही. डीओसाठी अर्ज करणार असाल तर एखादा डीओ डॉक्टर गाठाच. अनेक डीओ कॉलेजांना त्यांचं शिफारसपत्र आवडतं.

मिळवायचं कसं? तुमचा स्वतःचा डॉक्टर, मुलांचा बालरोगतज्ज्ञ, मंडळातले काका, या क्रमाने. चार ओळींची ईमेल लिहा: मी कोण, काय मागतेय, कोणते वार मोकळे, रुग्णांच्या गोपनीयतेचं, म्हणजे हिपाचं, जे काही प्रशिक्षण असेल ते मी करीन. मी १४ ईमेल पाठवल्या, तीन उत्तरं आली, त्यांतली दोन हो होती. कॉलेजातल्या पोराला हे मागताना घाम फुटतो. आपण आयुष्यभर क्लायंटच्या मागे लागलेलो असतो, त्यामुळे इथे वय कामी येतं.

डिसेंबरात भारतात जातेय. मामांचं साताऱ्याला नर्सिंग होम आहे. तिथे महिनाभर राहिले तर?

बघायला जरूर राहा, पण त्यावर अर्ज उभा करू नका. कॉलेजांना इथली आरोग्यव्यवस्था तुम्ही पाहिलेली हवी असते. आणि मामा प्रेमाने म्हणतील, "ये, टाका घालून बघ." हात मागे घ्या. परदेशी जाऊन रुग्णांवर उपचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एएएमसीने २०११ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांचा मथितार्थ असा की, जे करायची परवानगी तुम्हाला इथे नाही ते तिथेही करायचं नाही. टाके घातल्याचं कौतुकाने लिहिलेला अर्ज त्याच ओळीवर बाजूला पडू शकतो. साताऱ्यात खिशाला हात लावण्याआधी बाई विचारते, "डॉक्टर, ही तपासणी नाही केली तर चालेल का?" हे ऐकलंत आणि इथे इन्शुरन्ससाठी तासभर फोनवर ताटकळणारी नर्स पाहिलीत, तर दोन्ही शेजारी ठेवून निबंधात लिहिता येतं. तेवढाच त्याचा उपयोग.

हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून लागायला किती दिवस जातात?

महिने धरा. फॉर्म, ओळख-प्रशिक्षण, पोलिसी पडताळणी, गोवर-कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा, फ्लूची लस आणि टीबीची तपासणी. ही शेवटची आपल्याला नडते. दंडावर लहानपणच्या बीसीजीचा वण असतो. त्या लसीमुळे टीबीची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही सुजून येऊ शकते. मग एक्स-रे, मग पुन्हा भेटी. म्हणून आधीच सांगा की मी बीसीजी घेतलेली आहे, रक्ताची चाचणी करा. तिला आयजीआरए म्हणतात, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझा हात फुगला, एक्स-रे झाला, तो कागद त्या हॉस्पिटलाच्या ऑफिसात गहाळ झाला, दुसऱ्यांदा पाठवला. एकूण अकरा आठवडे गेले. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला चार तासांची एक पाळी आणि किमान सहा महिने किंवा १०० तास अशी अट असते. ती विचारूनच फॉर्म भरा.

स्क्राइब, ईएमटी, सीएनए यांपैकी काय करू? त्यासाठी नोकरी सोडू का?

सोडू नका. माझं मत यात पक्कं आहे. पुढे चार वर्षं पगार नाही, मग तीन ते सात वर्षं रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचा, तुटपुंजा. त्यात १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज बंद झालंय, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक शिक्षणाला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर आहे. बऱ्याच कॉलेजांचा खर्च त्याच्या वर जातो. आत्ताचा एकेक पगार तेव्हा आठवतो.

शनिवार-रविवार जमत असेल तर मात्र सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचं काम, बघा. केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, काही राज्यांत त्याहून बरंच जास्त. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन. पगार थोडा आणि पाठ दुखते, पण रुग्ण म्हणजे काय हे इतक्या जवळून दुसरीकडे कळत नाही. ईएमटी म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीची मदत करणारा. त्याचं प्रशिक्षण साधारण १५० तासांच्या आसपास आणि वर परीक्षा. अनेक गावांत स्वयंसेवकांची रुग्णवाहिका पथकं आहेत, रात्रपाळी घेणाऱ्यांना तिथे हातोहात उचलतात. स्क्राइब म्हणजे डॉक्टर बोलेल ते कॉम्प्युटरवर नोंदवणारा. डॉक्टर विचार कसा करतो हे कळायला उत्तम, पण बहुतेक पाळ्या दिवसा असतात, म्हणून नोकरदारांना अवघड.

दिवसा नोकरी, संध्याकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्री, मुलं लहान. वेळ काढायचा कुठून?

जास्त काढू नका, थोडा काढा आणि सोडू नका. आठवड्याला चार तासांची एक पाळी घ्या. दीड वर्षाचे ७८ आठवडे. त्यातून भारतवारी, परीक्षा, मुलांचे ताप असे बारा वजा करा. ६६ गुणिले चार, २६४ तास होतात. चांगला आकडा आहे हा. उन्हाळ्यात एका दमात काढलेल्या २६४ तासांपेक्षा याचं वजन जास्त पडतं, कारण तारखा शेजारीच दिसतात.

माझी पाळी रविवारी सकाळी सात ते अकरा होती. घरी पोहे होईपर्यंत मी परत. शनिवार अभ्यासाला. एमकॅटच्या आधीचे दोन महिने पाळीही बंद ठेवली, समन्वयक बाईंना आधी सांगून. कोणी नाव ठेवलं नाही. मुलाच्या कराटेच्या दोन परीक्षा आणि एक मुंज मात्र बुडाली, आणि ती घरात अजून काढली जाते.

घर सोडता येत नसेल तर क्रायसिस टेक्स्ट लाइनसारखं काम बघा. संकटातल्या माणसांशी मेसेजवर बोलायचं असतं, ३० तासांचं प्रशिक्षण असतं आणि त्यांची अपेक्षा २०० तासांची. रात्री मुलं झोपल्यावर होतं. याला क्लिनिकल म्हणावं की नाही यावर मतं आहेत. मी म्हणणार नाही, पण चांगली सेवा म्हणून नक्की धरीन.

तुम्ही हॉस्पिसचं नाव फार घेता. तिथे काय एवढं?

हॉस्पिस म्हणजे आयुष्याचे शेवटचे महिने उरलेल्यांची काळजी. ती घरीही घेतात, केंद्रातही. तिथे व्हॉलंटियर लागतातच, कारण मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमानुसार रुग्णसेवेच्या तासांच्या किमान पाच टक्के काम स्वयंसेवकांकडून व्हावं लागतं. म्हणून हॉस्पिटलात तुम्ही रांगेत असता, हॉस्पिसवाले स्वतःहून फोन करतात. वेळा लवचिक असतात. आणि विशीतल्या मुलांपेक्षा आपण तिथे सहज रुळतो. आपण घरात मरण पाहिलेलं असतं, उशाशी बसलेलो असतो, काय बोलू नये हे थोडंफार कळलेलं असतं.

काम काय? बसणं. मी ज्यांच्याकडे जात होते त्यांतले एक आजोबा टीव्हीवर बेसबॉल लावायचे, आवाज बंद करून. मला त्या खेळातलं काही कळत नाही हे समजल्यावर त्यांनी मला शिकवायला घेतलं. आठ रविवार. नवव्या रविवारी खाट रिकामी होती आणि मी पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता बसून राहिले. यात मी काहीच 'केलं' नाही. मापलं नाही, दिलं नाही, वाचवलं नाही. तरी माझ्या तीन अर्थपूर्ण नोंदींमधली पहिली तीच होती. एका मुलाखतीत डॉक्टरांनी विचारलं, "मग कळला का बेसबॉल?" पुढची वीस मिनिटं आम्ही मरणाबद्दल बोललो. त्यांच्या वडिलांबद्दलही.

एक सांगून ठेवते. तुमच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल तर अनेक हॉस्पिस वर्षभर थांबायला सांगतात. वाईट वाटून घेऊ नका, त्यांचं बरोबर असतं. आणि रुग्णाबद्दल लिहिताना नाव, गाव, ओळखू येईल असा आजार काही लिहायचं नाही.

महाराष्ट्र मंडळाचं काम चालतं का? मी तीन वर्षं खजिनदार होते.

चालतं. खजिनदार म्हणजे ४०० पानांच्या जेवणाचा हिशोब, हॉलचं डिपॉझिट आणि रुसलेली कमिटी. ते नेतृत्वात टाका. रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असाल तर अध्यापनात. ढोल-ताशा छंदात. फक्त वाचणाऱ्याला 'मंडळ' म्हणजे काय ठाऊक नाही हे धरून पहिल्या वाक्यात सांगा. रक्तदान शिबिर भरवलंत तर ते संयोजन झालं, क्लिनिकल नव्हे.

पण सगळी सेवा आपल्याच माणसांत फिरत असेल तर ते खटकतं. डॉक्टर झाल्यावर समोर कोणीही येणार. फूड पँट्री, बेघरांचा निवारा, नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवणं, असं एखादं काम आपल्या वर्तुळाबाहेरचं घ्या. मी अन्नवाटप केंद्रावर डबे लावायचे. पहिल्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या बाईला मी स्वयंसेविका समजले. ती रांगेत नंबर लावायला आलेली निघाली, माझ्याच जुन्या कंपनीतून कपातीत गेलेली.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दवाखान्यात मराठी आजी-आजोबा येतात. दुभाषाचं काम करू?

कल्पना फार चांगली, पण प्रशिक्षणाशिवाय नाही. औषधाचा डोस सांगताना शब्द चुकला तर तो जिवाशी खेळ आहे, आणि दवाखान्यांनी पात्र दुभाषा वापरावा असा कायदाच आहे. ४० तासांचं वैद्यकीय दुभाषा प्रशिक्षण घ्या. मराठीसाठी वेगळी तोंडी परीक्षा नसली तरी सीसीएचआय या वैद्यकीय दुभाषांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची कोअरसीएचआय ही भाषानिरपेक्ष परीक्षा देता येते. तोवर शेजारच्या आजींसोबत जा, सोबत म्हणूनच.

सासऱ्यांच्या कॅन्सरमध्ये दोन वर्षं मीच सगळं केलं. मुलांसाठी नोकरीत तीन वर्षांचा खंड आहे. लिहायचं?

लिहायचं. 'इतर' या प्रकारात टाका. तासांचा प्रामाणिक अंदाज द्या, चोवीस गुणिले सातशे तीस असं करू नका. काय केलंत ते लिहा: केमोच्या तारखा, औषधांचा तक्ता, इन्शुरन्सशी भांडणं, त्यांना गुजराती ऑन्कॉलॉजिस्टशी हिंदीत बोलता यावं म्हणून बदलून घेतलेली वेळ. दुःख वाचणाऱ्याला आपोआप दिसतं, ते शब्दांत ओतायची गरज नाही. मात्र घरच्या माणसाची सेवा क्लिनिकल अनुभवाची जागा घेत नाही, परक्यांचीही करावी लागते. मुलं वाढवण्याचा खंड तारखांमध्ये दिसू द्या, लपवू नका.

रिसर्च हवाच का?

एमडी-पीएचडी असेल तर हवाच. संशोधनावर भर देणाऱ्या मोठ्या कॉलेजांनाही अपेक्षित असतो. बाकीच्यांत नसला तरी अर्ज टिकतो. आयटीवाल्यांनी टेस्ट ट्यूब शोधत बसू नये. एखाद्या विभागाचा अस्ताव्यस्त डेटा नीट लावून द्यायला माणूस लागतोच.

मी एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. व्हॉलंटियरिंग करता येतं?

ना-नफा संस्थेत, ज्या कामाला एरवीही पगार नसतो असं खरंखुरं विनावेतन काम सहसा चालतं. ज्या जागेवर पगारी माणूस असतो ते काम 'फुकट करते' म्हणून घेतलंत तर विनापरवाना नोकरी ठरू शकते. स्क्राइब, सीएनए, ईएमटीची पगारी कामं वर्क परमिटशिवाय नाहीत. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच.

त्याहून मोठा प्रश्न पुढे आहे. बहुसंख्य मेडिकल कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि सरकारी कर्जही त्यांनाच. मोजकी खासगी कॉलेजं इतरांना घेतात. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर रांग आणि तास दोन्ही एकत्र मोजत बसावं लागतं. हे मी कोणाला सांगते तेव्हा समोरचा चेहरा उतरतो, पण दोन वर्षं धावल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तासांची नोंद कशी ठेवू?

एक्सेल. तारीख, ठिकाण, तास, वरिष्ठाचं नाव आणि ईमेल, आणि एक ओळ: आज काय घडलं. ती ओळ सर्वांत महत्त्वाची. दीड वर्षाने निबंध लिहायला बसाल तेव्हा 'रविवार, ४ तास' वाचून काही आठवत नाही, पण 'आजोबांनी मला तिसऱ्यांदा इनिंग समजावली' वाचून सगळी खोली उभी राहते. समन्वयक नोकऱ्या बदलतात, म्हणून संपर्क दर सहा महिन्यांनी तपासा. आकडे फुगवू नका, कॉलेजं फोन करू शकतात. अर्जानंतर होणाऱ्या तासांसाठी ॲमकासमध्ये वेगळा रकाना आहे, तेच त्यात लिहा.

सुरुवात कधी करायची?

मागून मोजा. ॲमकास मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो आणि वर्ग सुरू होतात त्याच्या पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टला. पाठवण्याच्या दिवशी हातात वर्ष-दीड वर्षाचं काम हवं, आणि त्याआधी कागदपत्रांचे दोन-तीन महिने. म्हणजे २०२८ च्या जूनमध्ये अर्ज करायचा असेल तर हॉस्पिटलचा फॉर्म २०२६ च्या शरद ऋतूत भरायला हवा. दिवाळीच्या फराळाआधी.

अर्ज पाठवून झाला. आता पाळी बंद केली तर चालेल?

नाही. मुलाखती सप्टेंबरपासून पुढे वसंतापर्यंत चालतात, आणि माझ्या दोन मुलाखतींत पहिलाच प्रश्न होता, "अजून जाता का तिथे?" शिवाय पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर पुन्हा अर्ज करताना मधल्या वर्षाचा रकाना कोरा दिसतो. मला पहिल्या खेपेला नऊ नकार आणि एक प्रतीक्षायादी मिळाली. प्रतीक्षायादी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हलली. फोन आला तेव्हा रविवार नव्हता, पण मी तिथेच होते, कोणाची तरी पाळी घेतली होती.